चार बोटं

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
फ्लेक्स, स्टिकर, पत्रिका.
श्रद्धांजलीचे बोर्ड तासाभरात.
काल चार पोरं आली. धैर्यशील फौजदार झाला,
दहा बाय वीस,
उद्या झेंडावंदनाआधी चौकात लागला पाहिजे.
मजकूर त्यांनीच आणलेला:
ना कुणाचा हात, ना कुणाची साथ,
स्वबळावर गगनभरारी.
मागं गरुड टाका म्हणाले.
गरुड माझ्याकडं तयारच असतो,
तिरंग्याच्या न् उगवत्या सूर्याच्या फोल्डरात.

फोटो मात्र एकट्याचा नव्हता.
कुठल्याशा बारशातला, नऊ जणांचा.
मी एकेकाला काढत गेलो.
मामा गेला. चष्म्याची म्हातारी गेली.
तान्हं पोर अर्धं राहिलेलं, तेही पुसलं.
उरली खांद्यावर चार बोटं,
एकावर भाजल्याचा चट्टा.

ही कुणाची?
पोरं एकमेकांकडं बघाय लागली.
"त्येच्या थोरल्या बहिणीची आसतील.
शिरोलीला कॅन्टीनात चपात्या लाटती.
घालवा की भावा, मजकुराला आडवी येत्यात."

बोटं घालवणं अवघड.
खाली शर्ट नसतोच, तो आपण बनवायचा,
शेजारचं कापड उचलून तिथं डकवायचं.
खांदा मग जरा गुळगुळीत दिसतो,
पुतळ्यासारखा.

मी तरी काय बोलणार.
माझ्याही पाटीवर एकच नाव आहे.
मशीन बँकेचं,
माझ्या स्वतंत्र व्यवसायाला दोन जामीनदार.
त्यातले एक वारले,
हप्त्याच्या तारखेला तेवढे आठवतात.
पंचगंगा दुकानात शिरली त्या रात्री
हे धूड कुणीकुणी जिन्यावरून वर नेलं,
अंधारात चेहरे दिसले नाहीत.
एकजण सारखा म्हणत होता, पाय सांभाळा, पाय.
त्याचा पाय कुणी सांभाळला
ते विचारायचं राहूनच गेलं.

रात्री दीडला प्रिंट निघाली.
सकाळी चौकात पोरं फ्लेक्स चढवत होती.
एक वर, बांबूला मिठी मारून,
खाली तिघांचे खांदे,
सुतळी कुणाच्या तरी दातात.
"हात लावा रं! एकट्याला झेपंना!"

शाळेचं राष्ट्रगीत संपलं तेव्हा
पिशवी घेतलेली एक बाई चौकात थांबली.
चेहऱ्याकडं नव्हे,
खांद्याकडं बघत असावी, असं मला वाटलं.
तिनं मोबाइल काढला, फोटो घेतला,
हसलीसुद्धा.
मी शटर अर्ध्यावर धरून उभा.
तिचा उजवा हात
पदराखाली होता.