वाफ

कुओपिओच्या तळ्यावर बर्फ धरायला लागला
तेव्हा रेयोने सौनाला जाणं सोडलं.
गुडघा धरलाय, म्हणाला.
गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

झालं होतं त्याला दोन वर्षं लोटली होती
आणि मोजायला एकच माप होतं:
न्हाणीघराच्या फळीवर
शेपटीकडून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब.
सातवी.
पेरभर, रोज रात्री, न चुकता,
त्याचे वडील होडीच्या सांध्यांत डांबर भरायचे
तितक्या मनापासून.

कातडी ऐकेना.
आधी पांढरी पडली, बर्चच्या सालीसारखी,
मग आखडली,
मग कूस बदलली तरी चिरायची.
लघवीची धार फुटून दोन वाटांनी जायची,
त्यातली एक बुटावर.
साठीचा माणूस बसून मुतायला शिकतो
आणि कुणाला सांगत नाही.

उशी भिंतीकडे सरकवली ती त्यानेच.
हेल्वीने विचारलं, कोण आहे ती?
तो हसला, किती महिन्यांनी,
आणि दिवा लावून तिला दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
दुखत असेल रे, म्हणाली.

डॉक्टर मुलीच्या वयाची.
हातावर हात चोळून आधी गरम केले तिने.
म्हणाली, हे कुणाकडून आलेलं नाही,
कुणाला जायचंही नाही.
मलमाला जेवढं जमत होतं तेवढं त्याने केलं.
आता ही कातडी काढू,
तुकडा तपासायला पाठवू,
आणि बरं वाटलं तरी दर वर्षी येत जा.

परतीच्या बसमध्ये त्याला स्वतःचाच राग आला.
उभा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेला,
कुजक्या फळीवर रंग फासत बसलेल्यांना
हाच माणूस शिव्या घालायचा.

नंतरचे पंधरा दिवस
हेल्वीचा जुना सैल झगा,
आणि डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी चाल.
शेजारणीने खिडकीतून पाहिलं. पाहू दे.
टाके आपले आपण विरघळले.
एका सकाळी उभ्याने, सरळ, एकच धार.
त्याने हेल्वीला हाक मारली
आणि ती आल्यावर काय सांगावं ते सुचेना.

मार्चमधला गुरुवार.
धक्क्यावरच्या सौनात वरच्या फळीवर चौघे,
घामाने निथळणारे, उघडे.
रेयो उंबऱ्यात उभा,
टॉवेल हातात धरून, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.
मग त्याने तो खुंटीला अडकवला.

ओस्मोने पाहिलं.
पाहिलं, हे रेयोने पाहिलं.
ओस्मोने पळीभर पाणी दगडांवर टाकलं.
दार लाव, म्हणाला,
वाफ जातेय.