दारावरचा कागद

महाप्याला चौथ्या मजल्यावर दोन मायक्रोवेव्ह आहेत,
त्यातला डावा माझा.
उजव्याची ताटली फिरत नाही,
त्यात भात कडेला पेटतो आणि मधे बर्फ.

दोन्हींच्या दारावर अ‍ॅडमिनचा कागद:
धातूची भांडी ठेवू नयेत.
खाली सही, सहीखाली शिक्का.
वाचता सगळ्यांना येतं. वाचत कुणी नाही.

एक वाजून दहाला रांग लागते.
मी आधी डबे ओळखते, माणसं मागाहून.
स्टीलचा तीन पुडांचा, तो वाशिमच्या तेजल इंगोलेचा.
झाकणावर आईचं नाव कोरलेलं
आणि तारीख, तेजलच्या बारशाची.
"मावशी, हा टाकून प्लास्टिकचा घेऊ?
आईला काय सांगू?"
काही सांगू नको गो.
मी कपाटातला जाड काचेचा वाडगा काढते,
मेथी त्यात, वर बशी, जराशी तिरकी,
वाफेला वाट ठेवून.
वाट नसली की वाफ काय करते
ते मी घरी बघितलंय,
घरी ओव्हन नव्हता तेव्हाही.

श्रीखंडाच्या डब्यातून आमटी आणणारे वेगळे.
डबा कमरेत वाकून बाहेर येतो,
आमटीला वास येतो जळक्या चपलेचा.
त्यांना मी डबा उलटा करायला लावते:
बुडाशी लाटांच्या रेघा आहेत? मग ठेव.
नाहीत? मग मला दे, बटणं ठेवायला.
आमच्या गोठिवलीत लाटा बघून
वेगळंच काही ठरवायचे लोक.

अकाउंट्सचे कारखानीस रांगेत कधी नसतात.
चारला येतात, बिनदुधाचा चहा,
कपाला सोनेरी काठ.
मी बाथरूममध्ये होते तेव्हा त्यांनी तो आत ठेवला.
आले तर काठावरून ठिणग्या पळतायत,
मांजर अंगावर यावं तसा आवाज,
आणि साहेब हात मागे बांधून बघतायत.
मी बटण दाबलं.
सहातला शेवटचा होता, म्हणाले. अहेरातला.
काठाला काळा डाग पडला होता,
तो त्यांनी रुमालानं दोनदा पुसला.

मी माझा पांढरा कप दिला.
देण्याआधी पारखला, तसा प्रत्येकच पारखते:
कप रिकामा, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी, एक मिनिट.
पाणी तापलं, कप गार.
हा चालेल, म्हटलं.
आपण तापत नाही,
आतल्याला तापू देतो.
ते पहिल्यांदा हसले. का, ते नाही सांगितलं.

पण पाण्याचं सांगायचं माझ्याकडून राहिलं.
गुरुवारी त्यांनी तीन मिनिटं लावली.
पाणी एकदम निवांत, बुडबुडा नाही, सळसळ नाही,
आणि चहाची पुडी सोडली मात्र,
सगळा कप उठून हातावर आला.

वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभे होतो आम्ही,
मी मनगट सोडलं नाही.
बर्फ नको, पेस्ट नको, नुसतं पाणी.
दहाव्या मिनिटाला ते बोलायला लागले.
काय बोलले ते या कागदावर येणार नाही.

कागदावर मी एवढंच वाढवलं, निळ्या पेनानं:
पाण्यात आधी लाकडी काडी ठेवा.
बंद झाल्यावर मिनिटभर थांबा, मग ढवळा.
अंडं आख्खं ठेवू नका.
रिकामा चालवू नका.
अ‍ॅडमिननं फाडला. मी दुसरा लावला.
दुसऱ्यावर शुद्धलेखन तेजलनं तपासलंय.

तीनला रांग संपते.
वाडग्यात पाणी, त्यात लिंबाची फोड, दोन मिनिटं,
मग आतून सगळं पुसून काढते,
कुणाची लसूण, कुणाचं तूप, कुणाचं काल रात्रीचं.
मग माझा डबा उघडते.
तांदळाची भाकरी, सुका बोंबील.
तो मी गरम करत नाही.
चौथा मजला वास सोसणार नाही,
आणि त्याचा कागद
अजून कुणी लावलेला नाही.