एकतीस सप्टेंबर

वाणिज्य संकुलाच्या जिन्याखाली
काचेचं कपाट आहे, सूचनांचं.
किल्ली माझ्याकडं. बावीस वर्षं झाली.
आत हिरवं कापड, ऊन लागून निम्मं पिवळं,
आणि त्याच्यावर गेल्या सगळ्या सालांची
टाचण्यांची भोकं.

एम.कॉम.च्या पोरांना मी तोंडावरून कमी,
पाठीवरून जास्त ओळखतो.
दप्तर एका खांद्यावर टाकून उभी राहतात,
मोबाईलवर फोटो काढतात, जातात.
बँकेत प्रशिक्षणार्थी भरती. नेट-सेटचे मोफत वर्ग.
परीक्षा अर्ज, विलंब शुल्कासह.
परीक्षा अर्ज, अतिविलंब शुल्कासह.
पुण्याच्या कुण्या फर्मची मुलाखत,
येण्याजाण्याचा खर्च उमेदवाराने स्वतः करावा.
त्या कागदापुढं जरा जास्त वेळ थांबतात,
मग चपलांकडं बघतात.

नागमणी बोईनवाड फोटो काढत नव्हती.
वहीत उतरवून घ्यायची, जावक क्रमांकासकट.
धर्माबादची. बाप मिरचीच्या अडतीवर दिवाणजी.
तिनं वहीचं पान उलटलं की
माझ्या नाकात खाज सुटायची, खरं सांगतो.

तर जालन्याच्या एका सळईच्या कारखान्याचं पत्र आलतं:
लेखा विभागात सहा महिने काम,
महिना बारा हजार, राहायची सोय, जागा दोन.
अर्ज संकुलामार्फत पाठवावेत.
शेवटची तारीख एकतीस सप्टेंबर.

साहेबांची सही होती. मी लावलं.
पोरांनी फोटो काढले.
पंधरा दिवस कुणालाच काही दिसलं नाही,
मला तर नाहीच.

ऑक्टोबरच्या एक तारखेला, दुपारी, ती आली.
गुणपत्रकाची दुसरी प्रत तिला त्याच दिवशी मिळालती,
अर्ज घामानं कडेला मऊ पडलेला.
"मुदत संपली, बाई. काल."
"काल तीस होती, मामा."
"मग?"
"मग एकतीस कुठं गेली?"

मी मूठ आवळली, शाळेत शिकलतो तसं
एकेक गाठ मोजत गेलो.
सप्टेंबर खड्ड्यात येतो.
तीसच.

"जी तारीख उगवलीच नाही," ती म्हणली,
"ती संपली कशी म्हणायची?"

आता माझी एक सवय आहे.
महिना सरला की आवक रजिस्टरात
एक ओळ कोरी सोडतो. कामून, ते विचारू नका,
जुन्या बाबूनं शिकवलंय.
म्हणलं, "ही बघ, जागा आहे. तीसची टाकतो.
कुणाच्या बापाला कळत नाही."

तिनं त्या ओळीवर तळहात ठेवला.
"नको, मामा. एक खोटी नोंद झाली
की पुढची सगळी पानं तिलाच सांभाळत बसतात.
आजचीच टाका. शेऱ्यात लिहा:
नमूद दिनांक दिनदर्शिकेत आढळून आला नाही."

तिनं सांगितलं तसं लिहिलं.
दिनदर्शिकेची वेलांटी दोनदा विचारली.
आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
मग दप्तरातून पट्टी काढून तिनं
माझ्या कोऱ्या ओळीवर तिरपी लाल रेघ मारली.
"रिकामी ठेवू नका. कुणीही काहीही भरतं."
मला राग आला. खोटं कशाला बोलू.
सायलू मामाच्या रजिस्टरात
आजवर कुणी रेघ मारली नव्हती.

नऊ तारखेला जालन्याहून शुद्धिपत्रक आलं:
'सप्टेंबर' ऐवजी 'ऑक्टोबर' वाचावे.
मी लावलं आणि काचेपुढं ही गर्दी,
दोन दिवसांत त्रेचाळीस अर्ज.
तीही आली. हसली नाही, काही नाही.
मागं उभी राहून, पोरांच्या खांद्यांमधून वाचून,
शुद्धिपत्रकाचा जावक क्रमांक वहीत लिहून घेतला
आणि साडेचारची गाडी गाठायला पळाली.

यादी अजून आलेली नाही.
येईल, दिवाळीच्या आगंमागं.
जागा दोनच आहेत, ते मला माहीत आहे.
डब्यात टाचण्या गंजल्यात बहुतेक.
त्यातली एक चांगली बघून
मी बाजूला काढून ठेवली आहे,
आणि तिची नोंद कुठंच केलेली नाही.