एक चौरस फूट

टोपच्या माळावर शेड उभी राहिली तेव्हा
सौंदलगेकर सुपरवायझर म्हणाले,
'वैनी, हिशेब सोपा हाय. एका पक्ष्याला एक फूट.'
तीस बाय दोनशे. सहा हजार पिल्लं.
त्या रात्री मी जुन्या पेपराची घडी घातली,
फूट बाय फूट,
आणि फरशीवर ठेवून तिच्यावर उभी राहिले.
दोन्ही पावलं मावली.
वळायचं म्हटलं तर एक बाहेर पडत होतं.

पहिले दहा दिवस काही कळत नाही.
भाताच्या तुसावर पिवळे बोळे
या बल्बकडून त्या बल्बकडे वाहत असतात.
विसाव्यानंतर जमीन दिसेनाशी होते.
तूस ओलं, वर पापुद्रा.
पहाटे पडदा वर केला की अमोनिया
आधी डोळ्यांत शिरतो, मग नाकात.
पिराजी म्हणतो, आपल्याला रडायला कारण लागत न्हाई.
मागचा पक्षी पाण्याला निघतो,
चार पाठी तुडवून पोचतो,
नाहीतर मधेच बसतो.
बसलेल्याची छाती सोलते,
तळव्याला पोळल्यासारखा काळा डाग.
एप्रिलच्या दुपारी सगळ्या चोची उघड्या,
शेडभर एकच धाप.
मी बादली भरते आणि वहीत लिहिते:
नऊ. चौदा. एकवीस.

एकदाच, दिवाळीनंतर,
हॅचरीत पिल्लं कमी पडली.
चार हजार उतरवून गाडी गेली.
त्या बॅचला तिसाव्या दिवशीही
मधेमधे तूस दिसत होतं, कोरडं.
एक पक्षी उगाचच पंख पसरून
पार त्या टोकाच्या जाळीपर्यंत पळाला.
तिथं काहीच नव्हतं.
परत पळत आला.
दोघंतिघं कुशीवर पडून
अंगावर तूस उडवून घेत होती.
हे यांना कुणी शिकवलं?
यांची आई तर मशीन.

पस्तिसाव्या दिवशी काटा म्हणाला, दोन किलो दोनशे.
एरवी एक आठशेवर अडतो.
सौंदलगेकरांनी चष्मा पुसला.
'औषध काय बदललंसा?'
'काय न्हाई. जागा.'
ते हसले, कॅल्क्युलेटर काढला.
एकेक पक्षी जड, पण शेड हलकी:
सगळे मिळून पंधराशे किलो कमी.
खाद्यातलं वाचलेलं धरलं तरी
आमच्या हातात कमीच.
गणित बरोबर होतं. मी दोनदा करून बघितलं.

पाच हजारच टाका, असा अर्ज दिलाय.
उत्तर नाही.
आज रात्री गाडी येणार, सहा हजारांची.
पिराजीनं नवं तूस पसरलंय,
चुन्याचा वास अजून आहे,
जाळीतून जोतिबाचा डोंगर दिसतोय.
चपला दाराशी काढल्या
आणि मी पदर खोचून
त्या टोकापर्यंत पळत गेले,
परत आले.

'काय झालं गं?' पिराजीनं विचारलं.
'काय न्हाई.'