गोडाहून गोड

सदरच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"काकू, एकच नियम. वाइन
पदार्थाहून गोड पाहिजे.
नाही तर वाइन आंबट लागते."
मी चष्मा पुसला, किंमत विचारली नाही.
नाशिककडची, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची
उंच मानेची अर्धी बाटली
मेथीच्या जुडीखाली घातली,
आणि धरमपेठेपर्यंत रिक्षात
मांडीवर धरून आणली, कुणाचं तान्हं असावं तशी.

घरी कुमुद. माझी धाकटी जाऊ.
मोतीबिंदू काढून आठ दिवस माझ्याकडे.
"आमच्या वर्ध्यात तं बाटली दिसली
का पोलीस येते," म्हणाली,
आणि खिडकीचा पडदा तिनंच ओढला.

स्टीलच्या पेल्यात वास मरतो म्हणे.
म्हणून जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या.

आधी संत्रा बर्फी.
एक तुकडा, एक घोट.
कुमुदनं ओठ मुडपले,
"आंबट लागून राह्यली वं, ताई."
बर्फी जिंकली.
मग खव्याची जिलेबी, पाक कोपरापर्यंत:
वाइन नुसतं पाणी झाली, बिचारी,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी
कोपऱ्यात उभी.
श्रीखंड मी डब्यातच ठेवलं.
पुरणपोळीतल्या जायफळाशी तिचं जमलं,
पण पहिल्या घासापुरतं. पुढे तूप
सगळ्यांवर पांघरूण घालतं,
आमच्या सासूबाई घालायच्या तसं.

अनारशाला मात्र
खसखस दाताखाली फुटली, गूळ मागाहून आला,
आणि वाइन उमलली:
मध, वाळलेलं जर्दाळू,
ट्रंकेतल्या शालूला लागलेला केवडा.
दोघी गप्प.
मग कुमुदनं पर्समधून पुडी काढली,
वाळलेली मोहफुलं,
सिंदेवाहीच्या बाईनं गुडघ्याच्या शेकाला दिलेली.
एक चावलं, वर घोट घेतला.
"ओळखते हे एकमेकांना," म्हणाली.

दुसरी बरणी अर्धी झाल्यावर
मी बोलले. बोलायचं नव्हतं.
"कुमुद, बेचाळीस वर्षं
मला तुझ्याशेजारी ठेवलं.
तू आलीस तेव्हा मी चार वर्षांची सून होते,
बरी होते. माझ्या वरणाला नाव होतं.
तू उंबऱ्यात हसलीस
आणि त्या दिवसापासून सगळ्यांना
मी आंबट लागायला लागले.
मी बदलले नव्हते गं.
साखर तेवढीच होती."

फ्रिज सुरू झाला. बंद झाला.
कुमुद नखानं बर्फीचा वर्ख खरवडत राहिली,
इतका वेळ, की बर्फी उघडी पडली.
"गोड राहाचं म्हणजे," ती म्हणाली,
"बम मेहनत असते, ताई.
हे गेले त्या दिवशी
आलेल्यांना च्या मीच केला.
साखर बराबर आहे का, विचारत होती मी."

मला ते आठवत होतं.
मी तेव्हा तिच्या हातून ट्रे घेतला नव्हता.

ती उठली. एका डोळ्यानं चाचपत
फळीवरून खाऱ्या दाण्यांचा डबा काढला,
मूठभर माझ्या तळहातावर, मूठभर तिच्या.
पोरानं हे सांगितलं नव्हतं:
मीठ जिभेला लागलं
आणि तीच वाइन, तळाशी उरलेली,
अशी गोड झाली
की दोघींनी एकदमच बरणीत वाकून पाहिलं.

रात्री तिनं बाटली विसळून पालथी घातली.
"रिकामी नेली तं चालते का वर्ध्याला?"
"कशाला?"
"मनीप्लांट लावीन म्हणते."
आणि लेबल सोलायला बसली,
दिसत नव्हतं तरी,
बोटांनीच कडा शोधत.