पाय दाखवा की

लोह्याच्या बसस्टँडमागं, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात
अर्धं शटर खाली ओढून
बसलो होतो तिघं, रात्री साडेअकराला.
मी, दस्तगीर नालबंद,
आणि सटवाजी, ज्याच्या वरातीच्या घोडीला
पुढच्या तिथीपर्यंत काहीच काम नव्हतं.
ती बाहेर, विजेच्या खांबाला बांधलेली. तारामती.

कुणाचातरी मोठा टीव्ही
संध्याकाळीच माझ्या हातून जिवंत झाला होता.
मालक सकाळी नेणार, तोवर आमचा.
माझ्या फोनचं नेट त्याला जोडलं
तर लागलं हे,
कुठल्याशा थंड देशात
घोड्यांच्या जागतिक स्पर्धेचं उद्घाटन.

हिरवळीवर जशी कुणी इस्त्री फिरवलेली.
देशामागून देश येत होते,
पितळी बटणं, पांढऱ्याशुभ्र विजारी,
आयाळीच्या बारीक वेण्या.
सटवाजी म्हणाला, एवढ्या वेण्या तर
माझ्या पोरीच्याबी कुणी घातल्या नाहीत.
बँड वाजत होता, कुणी नोटा ओवाळत नव्हतं.
"नवरदेव कुठंय पण?"
स्वतःच हसला, मग गप्प झाला.

दस्तगीर चिडलेला.
"पाय दाखवा की!
तोंडं काय दाखवायलेत मघापासून?
घोडं काय तोंडावर चालतंय?"
कॅमेरा झेंड्यांवर चढला,
एका राजघराण्यातल्या बाईच्या टोपीवर,
टोपीतल्या पिसावर,
खाली उतरायचं नाव घेईना.

चाळीस वर्षं या माणसानं जग
गुडघ्याच्या खालून बघितलं.
माळेगावच्या बाजारात लोक दात मोजायचे,
हा वाकून टाच बघायचा
आणि वय नाही, स्वभाव सांगायचा.
त्याच्या डाव्या मांडीवर अजून एक खळगा आहे,
परक्या जनावरांचे पाय ठेवून ठेवून पडलेला.

आणि नेट अडकलं.
पडद्याच्या मधोमध चक्र फिरत राहिलं,
चक्रामागं एक काळा घोडा, पाठमोरा,
मागचा उजवा पाय उचललेला, तळवा आमच्याकडं,
तसाच थांबला.
मी फोनला हात घातला.
"हात लावू नको!"
उठला. सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला.
टीव्हीपुढं उकिडवा बसला,
अगदी समोर नाही, जरा बाजूला,
लाथ चुकवून.

काचेला न लावता बोट फिरवलं खुराभोवती.
"सहाच खिळे. आपण सात मारताव.
काम साफ आहे, नाव ठेवायला जागा नाही.
पण बाहेरची कड बघ, झिजली.
पाय चोरायलंय हे घोडं.
वर बसलेल्याला ठावं नसंल."
मग बराच वेळ काही नाही.
मग, हळूच,
"नाल ठोकणाऱ्याला ठावं असंल."

चक्र सुटलं. काळा घोडा कुठल्या कुठं गेला,
दुसरा देश आला, तिसरा,
आणि बँडनं एकदम ढोल धरला.
बाहेर खुरं वाजायला लागली डांबरावर.
तारामतीनं नाच धरला होता,
शिकवला होता तसा,
दोन पाय पुढं, मान आत, एक पाय हवेत,
पाठीवर कुणी नाही, पुढं कुणी नाही,
फक्त खांब, आणि एक कुत्रं बघत उभं.

सटवाजी शटरखालून वाकून पळाला.
"अगं, तुझं नाही ते.
थांब, थांब. तुझं नाही."
तिच्या मानेवर हात ठेवून
हेच सांगत राहिला,
तिला की मला, कळलं नाही.

ढोल थांबला तशी ती थांबली.
दस्तगीर न विचारताच बाहेर आला,
तिच्या मागच्या पायाशी बसला,
पाय घेतला त्या खळग्यावर.
"टॉर्च धर रे."
मी फोन धरला.
आत टीव्हीवर अजून देश जात होते,
बघायला कुणी नव्हतं.
त्यानं अंगठ्यानं माती काढली, एक खडा काढला,
खडा माझ्या हातावर ठेवला, का कुणास ठाऊक.
"सोमवारी आण हिला.
पैशाचं तिथीनंतर बघू."