ठसका

तळीचं माप घ्यायला गेलो तो मे महिना होता,
फोंड्याच्या वेशीवर, दगड बांधलेली दोरी
आणि कचेरीचा छापील तक्ता घेऊन.
पाणी बरंच उतरलेलं. एरवी बुडालेल्या
चिऱ्यांच्या कमानी उघड्या पडलेल्या,
आणि एकेका कमानीत एकेक कासव,
जहागीर मिळाल्यासारखं.

गौससाब खतीब पायरीवर बसून दोरी सोडत होते.
एक वाव.
तेव्हा तळी नव्हती, म्हणाले, झरा होता नुसता.
होर्मुझहून आलेले घोडे, बोट लागलेले,
लटपटत इथे तोंड लावायचे पाण्याला.
घाट चढून विजापूर येईतो
घोडाही सावरायचा
आणि घेणारा राजाही मोठा व्हायचा.

दोन वाव.
मग बंदर फिरंग्यांनी नेलं.
मशीद त्याच्यानंतरची.
हातचं गेल्यावर माणूस बांधकाम काढतो.

तीन.
मग किल्ला गेला. मग एका पावसाळ्यानंतर
मीठ न्यायला आलेल्या लमाण्यांनी
बैलांच्या घंटांमधून सांगितलं,
विजापूरही गेलं.
त्या जुम्म्याला आमचा पूर्वज मिंबरावर उभा.
खुतब्यात सुलतानाचं नाव घ्यायचं असतं.
कुणाचं घेणार?
किल्ल्यावर एक निशाण, खाडीपलीकडे दुसरं,
घाटावर तिसरं.
तो नावाच्या जागी खोकला.
पुढल्या जुम्म्यालाही तिथेच खोकला.
अकरा वर्षं.
लोकांना तो ठसका पाठ झाला होता म्हणे,
मुलं आधीच घसा खाकरायची.

अजून आमच्यात कुणाला ठसका लागला, की बायका म्हणतात,
'पातशा आए, पानी देव.'

ते हसले. मी तक्ता भरत होतो.
तारीख, मौजे, हद्द, शेरा.
माझे बाबा मामलेदार कचेरीत कारकून,
हे शब्द आमच्या घरात मिठासारखे असायचे.
कुठून आले, कधी विचारलं नव्हतं.
'मालक' हा रकाना तसाच ठेवला,
साहेब बघतील.

चौथ्या वावावर दोरी ढिली पडली.
गौससाबांनी ती दोनदा उचलून आपटली,
पाण्यातून तपकिरी ढग वर आला.
गाळ आहे हा, म्हणाले. तळ नव्हे.

उन्हं डोक्यावर आली होती.
मी चारच लिहिलं.